वरचे पन्नास रुपये

माझी मुलगी पूर्वा खराडीच्या एका कंपनीत नोकरी करते आणि वाघोलीला राहते. महिन्यातून एका रविवारी ती नारायण पेठेत आमच्याकडे जेवायला येते आणि जाण्यापूर्वी आमच्या राहणीतली एखादी चूक दाखवून जाते. एकदा चहाचं गाळणं प्लास्टिकचं निघालं, एकदा माझी उशी फार उंच निघाली. या खेपेला मी केस कापून घरी आलो, चपला काढत होतो, एवढ्यात तिने विचारलं, "बाबा, टीप किती दिलीत?"

"कसली टीप?"

"उत्तरेश्वरकाकांना. केस कापल्यावर."

मी तिला सांगितलं की उत्तरेश्वर कटिंगचे एकशे वीस घेतो आणि मी एकशे वीस देतो, यात टीप कुठे बसते ते मला कळत नाही. पूर्वाने ताटाखालची चटई सरळ केली आणि शांतपणे म्हणाली, "बावीस वर्षं एकाच माणसाकडे जाताय ना तुम्ही? एकदाही नाही?"

स्वयंपाकघरातून हेमा, म्हणजे माझी पत्नी, म्हणाली, "अगं, ते रिक्षावाल्याकडून दोन रुपये सुटे मागून घेतात."

मी पस्तीस वर्षं एका कॉलेजच्या कार्यालयात काढली, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून. चिक्कू हा शब्द माझ्याबाबतीत कोणी वापरलेला नाही. निदान माझ्यासमोर वापरलेला नाही. मी नियमाने वागणारा माणूस आहे, आणि टीप हा प्रकार कुठल्याच नियमात नाही, ही माझी अडचण होती. जेवण झाल्यावर मी बडीशेप चघळत विचार करत बसलो. हॉटेलात वेटरला आपण बशीत काही ठेवतो, कारण हॉटेल त्याचं नसतं. पण उत्तरेश्वरचं दुकान उत्तरेश्वरचंच. दोन खुर्च्या, त्यातली एक फक्त वर्तमानपत्रं ठेवायला. मालकाला टीप द्यायची तर उद्या डॉक्टरांनाही दाखवून झाल्यावर वीस रुपये वर ठेवावे लागतील.

असा पेच पडला की मी खालच्या मजल्यावर जातो. तिथे हिंमतराव राहतात. ते आमच्या इमारतीचे खजिनदार आहेत आणि त्यांना कधीच कुठल्याच बाबतीत शंका नसते.

"टीप नोकराला देतात, दिगंबरपंत," ते म्हणाले. "मालकाला दिली तर तिला देणगी म्हणतात. पावती घ्या."

तरीही मनात ते बसलंच. बावीस वर्षं. तीन आठवड्यांनी मी पुन्हा गेलो तेव्हा ठरवूनच गेलो होतो. उत्तरेश्वर धाराशिवकडचा. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल. बोलणं कमी, हात हलका. केस झाले, त्याने मानेवरून ब्रश फिरवला, मी उठलो, दीडशे रुपये त्याच्या हातात दिले आणि शक्य तितक्या सहजपणे म्हणालो, "राहू दे."

"बरं साहेब," तो म्हणाला. मी पायऱ्या उतरलो. छाती जरा पुढे आली होती, हे मी नाकारत नाही.

पुढच्या वेळी शंभराच्या दोन नोटा पुढे केल्या तर त्याने मोजून एकशे दहा परत दिले.

"हे काय?"

"तुमचे मागचे तीस जमा हायत ना. तुमीच म्हणला होता, राहू दे."

मी त्याला समजावू लागलो की ते तसं राहू दे नव्हतं, हे वेगळं राहू दे होतं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "उगाच कसे घेऊ? बसा, दाढी करून देतो तीस रुपयांत." दाढी मी सकाळीच घरी केली होती. पण खुर्चीकडे बोट दाखवणाऱ्या न्हाव्याला नाही म्हणण्याचा मला अनुभव नाही. एकाच दिवसात दुसऱ्यांदा दाढी झाल्यामुळे माझा चेहरा संध्याकाळपर्यंत टोमॅटोसारखा लाल होता. हेमाने ताप आहे का ते बघितलं.

पूर्वाला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "कॅश देताच कशाला? फोनने द्या. आकडा वाढवा आणि निघा. काही बोलायलाच नको."

बोलायलाच नको, हा भाग मला पटला. पुढच्या वेळी मी फोन काढला, आरशाशेजारच्या चौकोनावर धरला, एकशे सत्तर टाकले आणि दाराकडे वळलो. पायरीवर पाऊल पडायच्या आत मागून फोनने आलेले पैसे जाहीर करणाऱ्या पेटीतली बाई खणखणीत आवाजात बोलली, "एकशे सत्तर रुपये प्राप्त झाले."

बाकावर तिघे जण होते. मधल्या गृहस्थांनी पेपर खाली केला.

"दर वाढले का?"

"न्हाई हो," उत्तरेश्वर म्हणाला. "एकशे वीसच हाय."

"मग यांचे एकशे सत्तर कसले?" त्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं. "केस तर आमच्यापेक्षा कमी आहेत."

उत्तरेश्वरने माझ्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावर काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मी काही तरी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "चुकून गेले असतील," आणि बाहेर पडलो. त्या बाकावरचा एक जण माझ्या मागोमाग उठून गेला. दुसरीकडे विचारून येतो म्हणाला, असं मागाहून कळलं.

त्याच संध्याकाळी इमारतीच्या ग्रुपवर हिंमतरावांचा निरोप आला: "उत्तरेश्वरने कोणतीही पूर्वसूचना न देता पन्नास रुपये वाढवल्याचे समजते. सभासदांनी आपले मत कळवावे." मी खरं काय ते लिहिलं असतं तर विषय तिथेच संपला असता. पण लिहिणार काय? मी टीप द्यायला गेलो होतो आणि ती मला नीट देता आली नाही? मी निरोप तीन वेळा लिहिला आणि तीन वेळा पुसला. तोवर तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी, ज्यांचा उत्तरेश्वरच्या दुकानाशी काहीही संबंध येत नाही, "महागाई" एवढंच लिहून ठेवलं होतं.

दोन दिवसांत सत्य बाहेर आलं, कारण हिंमतराव स्वतः जाऊन विचारून आले. मग शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये सभा झाली. पंपाची दुरुस्ती, गच्चीची किल्ली, कचऱ्याच्या बादल्या, आणि चौथा विषय मी. इमारतीतले सहा पुरुष उत्तरेश्वरकडे जातात. हिंमतरावांचं म्हणणं असं की एकाने वर पन्नास दिले की बाकीचे पाच आपोआप कंजूष ठरतात, आणि हा त्या पाच जणांवर अन्याय आहे.

"मी कुणावर सक्ती केलेली नाही," मी म्हणालो.

"पेटीतून जाहीर केलंत की," हिंमतराव म्हणाले.

ठराव झाला की उत्तरेश्वरला टीप द्यायची तर सर्वांनी सारखी द्यावी, नाही तर कोणीच देऊ नये. इमारतीचा चिटणीस मीच असल्याने इतिवृत्तही मलाच लिहावं लागलं. हिंमतरावांनी मजकूर सांगितला: "एका सभासदाच्या अविचारी वर्तनामुळे." मी 'अविचारी' ऐवजी 'अनवधानाने झालेल्या' अशी दुरुस्ती सुचवली. दुरुस्ती पाच विरुद्ध एक मतांनी फेटाळली गेली. ते सगळं मी माझ्याच अक्षरात, समास सोडून, लिहून काढलं.

सोमवारी दुकान बंद असतं. मंगळवारी दुकानाच्या काचेवर पुठ्ठ्याची पाटी दिसली. "कटिंगचा दर रु. १२० च आहे. काही लोक हौसेने जास्त देतात. त्यावरून चौकशी करू नये." अक्षर हिंमतरावांचं होतं. मी समोरच्या फुटपाथवर उभा राहून ती दोनदा वाचली. काही लोक म्हणजे मी. आत उत्तरेश्वर रिकाम्या खुर्चीचं कापड झटकत होता. त्याने मान वर करायच्या आत मी पुढे निघालो, जसं काही मला घाईने कुठे जायचं होतं. मला कुठेच जायचं नव्हतं.

त्यानंतर सहा आठवडे मी त्या रस्त्याने गेलो नाही. भाजीलाही लांबून वळसा घालून जायचो. केस कानावर आले तेव्हा पूर्वाने फोनवरूनच एका वातानुकूलित सलूनमध्ये माझी वेळ ठरवली. तिथे आधी एका बाईंनी मला फॉर्म भरायला दिला. 'आपल्या केसांचं उद्दिष्ट' असा एक रकाना होता. मी 'कमी करणे' असं लिहिलं. मग काळ्या शर्टातला एक दाढीवाला गृहस्थ आला, त्याने माझी टाळू कोरडी पडल्याचं सांगितलं आणि अर्धा तास एकही शब्द न बोलता काम केलं. शेवटी त्याने एक काचेची पाटी माझ्यापुढे धरली. त्यावर टीपचे तीन आकडे छापलेले होते. मी मधल्यावर बोट ठेवलं. कोणी वर बघितलं नाही, कोणी काही विचारलं नाही, कुठली पेटी बोलली नाही.

जिन्यातून उतरताना जाणवलं की इथे टीप देणं इतकं सोपं गेलं, कारण त्या माणसाचं तोंड मला पुन्हा बघायचं नव्हतं, आणि त्याला माझं. मला मोठा दाता झाल्यासारखं वाटायला हवं होतं. बसचं तिकीट काढल्यावर जसं वाटतं तसं वाटलं.

घरी आल्यावर हेमा बराच वेळ बघत राहिली. बाजूंचे केस मुळापासून गेले होते आणि वरचे उभे होते. "वरून छान आहे," ती म्हणाली. मग भाजीची पिशवी रिकामी करता करता म्हणाली, "उत्तरेश्वरभाऊ भेटले होते मंडईच्या वाटेवर. विचारत होते, साहेब आजारी आहेत का. म्हणाले, उठता येत नसेल तर घरी येऊन करून जातो, नानांचे करायचो तसे."

मी खुर्चीत बसलो.

नाना म्हणजे माझे वडील. सहा वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि ते आठ महिने अंथरुणावर होते. त्या आठ महिन्यांत दर रविवारी सकाळी सात वाजता, दुकान उघडायच्या आधी, उत्तरेश्वर पिशवी घेऊन आमच्या दारात उभा राहायचा. नानांची मान एका बाजूला कलायची. तो एका हाताने ती सावरून दुसऱ्या हाताने दाढी करायचा. मी त्या वेळेत औषधं आणायला जायचो, किंवा पेपर वाचायचो. दुकानात जो दर होता तोच मी त्याला द्यायचो, आणि त्यानेही तोच घेतला. जिने चढून येण्याचे वेगळे द्यावेत, हे मला सुचलं नाही. त्या आठ महिन्यांत नियमाप्रमाणे माझी काहीच चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला मी गेलो. त्या वेळी पेठेत कोणी कुणाकडे जात नाही. दुकानात उत्तरेश्वर एकटाच होता, डबा खाऊन हात पुसत होता. माझ्या डोक्याकडे त्याने बघितलं, आणि बराच वेळ बघतच राहिला.

"कुणी केलं हे?" त्याने विचारलं. डॉक्टर आधीच्या डॉक्टरची चिठ्ठी बघून विचारतात तसं.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "नीट होईल का?"

"वाढायला पायजेत. जेवढं जमतंय तेवढं करतो. बसा."

कापड गळ्याभोवती आलं. त्याने फवारा मारला. मी आरशात त्याच्याकडे बघत म्हणालो, "उत्तरेश्वर, त्या पन्नास रुपयांचा तुला राग आला का?"

तो थोडा वेळ कंगवा फिरवत राहिला. "पैशाचा कसला राग साहेब. लग्नाच्या दिवशी नवरदेवाची दाढी केली की मी हजार मागून घेतो. मागून. त्यात काय लाज न्हाई. पण तुमी फोनवर आकडा वाढवला आणि तोंड फिरवून निघालात. विचारलं तर म्हणलात, चुकून गेले. मला वाटलं, साहेबांना हिशेब मिटवून दुसरीकडं जायचं हाय. आणि तुमी गेलातच की."

मी म्हणालो की तसं नव्हतं. मग घसा साफ करून, जे खरं तर सांगायला आलो होतो ते सांगितलं. नानांचे आठ महिने माझ्या डोक्यात आहेत. ते तसेच राहिले. काय दिलं म्हणजे ते होईल ते मला कळत नाही.

"नानांचं राहिलं न्हाई काय," उत्तरेश्वर म्हणाला. "नानांनी दिलं त्यांचं."

मला आश्चर्य वाटलं. त्या काळात नानांच्या उशाखाली जपमाळेशिवाय काही नसायचं. "काय दिलं?"

त्याने कात्री घेतली. माझ्या कानामागे तिचा आवाज सुरू झाला.

"ते मला अहो म्हणायचे," तो म्हणाला. "अहो उत्तरेश्वर, हात दुखत न्हाई ना तुमचा. अहो, चहा घेतल्याशिवाय जाऊ नका. नंतर त्यांची वाचा गेली. शेवटचे दोन महिने तर एकच अक्षर फुटायचं. मी दारात आलो की म्हणायचे, या." तो थांबला, माझी मान दोन बोटांनी जरा खाली केली. "जीभ वळत न्हवती. 'ये' म्हणणं काय अवघड न्हवतं. पण 'या' म्हणायचे."

कात्री चालत होती. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तो मला एक जुनी गोष्ट सांगत होता, आणि त्याच वेळी माझे उभे राहिलेले केस मार्गी लावत होता.

"पेठेत बावीस वर्षं झाली," तो म्हणाला. "लोक चांगले हायत. पण असं म्हणणारे ते एकटेच."

कात्री कानाजवळ असताना मान हलवू नये. तो एक आधार होता. मी समोर बघत राहिलो. मला घरात अहो म्हणतात, कॉलेजात म्हणत, बँकेत म्हणतात, तिथली माझ्या मुलीहून लहान असलेली मॅडम म्हणते आणि मीही तिला म्हणतो. हा शब्द मला इतका मिळत आला की तो कुणी कुणाला देतो असं कधी वाटलंच नाही. आणि माझ्याच घरात, मी पेपर वाचत असताना, शेजारच्या खोलीत तो दर रविवारी दिला जात होता. मी तो तिथे बसून ऐकलाही असेल. मला आठवत नाही. याचंच मला फार वाईट वाटलं.

निघताना मी एकशे वीस दिले. त्याने घेतले. "येतो," मी म्हणालो. पुढे काही जोडता आलं नाही.

आता कोणी म्हणेल, मग त्यात काय, लगेच अहो म्हणायला लागायचं. तसं होत नाही. बावीस वर्षांची जीभ असते. पुढच्या खेपेला मी घरून वाक्य पाठ करून गेलो आणि दुकानात पाऊल टाकताच लाजलो. म्हणजे माझा अहोही त्या पन्नास रुपयांसारखाच, फोन पुढे करून पळून जाणारा, होईल की काय. मग पस्तीस वर्षांच्या नोकरीतली भाषा मदतीला आली. "मागून थोडे कमी केले जावेत," मी म्हणालो. "कानाजवळ लक्ष दिलं जावं." सरकारी पत्रात समोरचा माणूस कधीच नसतो, तिथे सगळं आपोआप केलं जातं. उत्तरेश्वरने एकदा आरशात माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं असेल की या माणसाला खरंच काही तरी झालेलं आहे.

घरी हेमाला सांगितलं. ती म्हणाली, "मी पहिल्यापासून उत्तरेश्वरभाऊ म्हणते, आणि तुम्ही म्हणते. तुम्हाला कधी ऐकू आलं नाही?"

मी म्हणालो, नाही.

"तुम्हाला बोलवायला मी अहो म्हणते, तेही ऐकू येत नाही," ती म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

परवाच्या रविवारी सकाळी गेलो तेव्हा दुकान भरलेलं होतं. बाकावर दोघे होते आणि खुर्चीत हिंमतराव, गळ्यापर्यंत पांढऱ्या कापडात, डोळे मिटून. उत्तरेश्वर त्यांच्या कल्ल्यांवर वस्तरा चालवत होता. मी दारात उभा राहिलो. या वेळी काही पाठ केलेलं नव्हतं. हातात पिशवी होती, घरी लवकर जायचं होतं, आणि तोंडातून निघून गेलं, "अहो, किती वेळ लागेल तुम्हाला?"

हिंमतरावांनी डोळे उघडले. "मला काय विचारता?" ते आरशातून म्हणाले. "माझ्या हातात आहे का?"

"तुम्हाला नाही," मी म्हणालो. "त्यांना विचारलं."

दुकानात माझ्याशिवाय उभा होता तो फक्त उत्तरेश्वर. बाकावरच्या दोघांनी वर बघितलं. हिंमतरावांनी मान वळवली नाही, कारण वस्तरा गालावर होता, पण त्यांचे डोळे आधी माझ्याकडे गेले आणि मग वर, उत्तरेश्वरच्या तोंडाकडे. उत्तरेश्वरचा हात थांबला होता. त्याने वस्तरा उचलला, पुसला, उगाच पुन्हा एकदा पुसला.

"पंधरा मिनिटं," तो म्हणाला. "बसा साहेब."

मी बाकाच्या टोकाला बसलो. माझे कान तापले होते. पेपर उलटल्याचा आवाज येत होता आणि बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती.

हिंमतराव उठले. कापड निघालं, त्यांनी गालावरून हात फिरवला, पैसे मोजून दिले. दाराशी जाऊन ते थांबले. गेली कित्येक वर्षं ते निघताना उंबऱ्यातून एकच वाक्य बोलतात, ते सगळ्या दुकानाला पाठ आहे: "चल, येतो रे." त्या दिवशीही त्यांनी तोंड उघडलं. एकदा माझ्याकडे बघितलं. रागानेच बघितलं, जसं मी पुन्हा त्या पाच जणांवर काही तरी लादलं होतं.

"येतो," हिंमतराव म्हणाले, आणि पायऱ्या उतरून गेले.

उत्तरेश्वरने कापड दोनदा जोरात झटकलं आणि खुर्ची माझ्याकडे फिरवली.